बाजेतला काळा पेड

“मान हलवू नगंस, कौशे. पीळ सुटंल.”

आवाज तीस वर्षांपूर्वीचा आहे. रोज सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आत, तो कानामागून यायचा. त्याच्यासोबत तंबाखूचा वास यायचा आणि दहा खरखरीत बोटं यायची. घायपाताचा वाख, त्या पानांचा धागा, वळून वळून त्या बोटांच्या पेरांवरच्या रेषा केव्हाच पुसून गेल्या होत्या. गावातल्या बाकीच्या पोरींच्या वेण्या त्यांच्या आया घालायच्या. कौसल्येची वेणी तिचे आबा घालायचे, आणि आबांना दोर वळण्यापलीकडे दुसरी विद्या येत नव्हती. म्हणून ते लेकीच्या केसांचाही दोरच वळायचे. आधी डोक्यावर तांब्याभर पाणी, कारण कोरडा वाख पीळ धरत नाही, ओला धरतो. मग तीन पेड. मग अशी घट्ट वेणी की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या, आणि मास्तर विचारायचे, “काय गं कौसल्या, आज कसलं एवढं नवल वाटतंय?”

आता दुपारचे दोन वाजलेत. चैत्राचं ऊन भाड्याच्या घराच्या गॅलरीत पाय पसरून बसलंय. आबांनीच विणलेल्या, गावाहून आणलेल्या बाजेवर कौसल्या उताणी पडली आहे आणि तिचे केस ओले आहेत. झोप अजून आत आलेली नाही. उंबऱ्यापाशी येऊन चपला काढते आहे.

कौसल्येला आज एकच गोष्ट बघायची आहे. आपले केस सरळ आहेत की नागमोडी?

चाळिशीला टेकलेल्या बाईला हे ठाऊक नाही, असं कुणाला सांगितलं तर हसेल. पण ठाऊक व्हायला केस मोकळे सोडावे लागतात, आणि कौसल्येचे केस कुणी मोकळे सोडलेच नव्हते. लहानपणी रविवारी न्हाण्याआधी वेणी सुटायची तेव्हा खांद्यावर लाटा उतरायच्या. ती विचारायची, “आबा, माजी केसं कुरळी हायत?”

“छ्या! सुतासारकी सरळ हायत. ह्यो येनीचा पीळ.”

की लगेच पुन्हा तांब्या, पुन्हा तीन पेड. केस वाळायचे ते वेणीतच. वेणी सोडावी तर लाट दिसायची, आणि लाट दिसली की ती वेणीची ठरायची. खऱ्या-खोट्याचा निवाडा कधी होतच नव्हता.

‘आईचे कसे होते?’ असं विचारायची त्या घरात रीत नव्हती. चूल पेटायची, चऱ्हाटं वळली जायची, शेळी दूध द्यायची, पण ‘आई’ हा शब्द कुणी उच्चारायचं नाही. पोर तीन वर्षांची असताना अनसूया माहेरी गेली आणि तापानं तिकडंच वारली, एवढं आत्यानं सांगितलं होतं. एक फोटो होता लग्नातला. त्यात अनसूयेचा पदर कपाळापर्यंत. पदराखाली काय होतं ते फोटोलाही माहीत नव्हतं.

पुढं बघायला पाहुणे येणार म्हणून आत्यानं तिला तालुक्याच्या पार्लरात नेलं आणि केसांना इस्त्री मारून आणली. मग कौसल्येला सवयच लागली. एसटीत कंडक्टर झाली, पगार हातात आला, तशी दर वर्षी औषध लावून केस सरळ करून घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “माझे मूळचेच सरळ आहेत, जरा बसवून घेतलेत एवढंच.”

मग श्रावणात आबा गेले. एकुलती एक लेक. दहाव्याला घाटावर न्हावी वस्तरा पाजळून बसला आणि भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली की केस कुणी द्यायचे. चुलता पुढं होत होता. कौसल्येनं त्याला बाजूला केलं आणि न्हाव्यापुढं जाऊन बसली. “अगं, बाईमाणसानं केस देत नाहीत,” आत्या हात धरून म्हणाली. कौसल्या म्हणाली, “ज्यांनी विंचरले त्यांनाच देतेय.”

त्या केसांच्या जागी आठ महिन्यांत पाच बोटं केस आले आहेत. हे केस नवे आहेत. यांना वेणी माहीत नाही, इस्त्री माहीत नाही. पण ड्यूटीवर ती रुमाल बांधते, त्याखाली ते चपटे होऊन बसतात आणि काही सांगत नाहीत. परवा तिनं पार्लरवालीलाच विचारलं. ती म्हणाली, “ताई, नुसते धुवा. तेल नाही, कंगवा नाही, टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. हात न लावता वाळू द्या. वाळले की तेच सांगतील.”

आज सुट्टी. नवरा गावाला, पोरगी शाळेत. शिकेकाईनं केस धुऊन कौसल्या पडली आहे आणि हात केसांकडं जाऊ नये म्हणून तिनं तो डोक्यामागं बाजेच्या विणीत खुपसला आहे. तिथं, उशाकडच्या बाजूला, सगळ्या भुऱ्या सुंभात एकच काळा पेड विणलेला आहे. “शेळीची केसं,” आबा म्हणायचे, “बळकटीला.” त्यांच्या कुशीत निजताना ती त्या काळ्या पेडावरून बोट फिरवत राहायची आणि झोप लागायची. आजही बोट फिरतं. मऊ आहे. शेळीच्या मानानं फारच मऊ, असं आज पहिल्यांदाच तिच्या मनात येतं, आणि तेवढ्यात झोप उंबरा ओलांडते.

“मान हलवू नगंस.”

या वेळी आवाज आठवणीतला नाही. उशाशी कुणीतरी बसल्यावर बाज जशी करकरते तशी करकरली आहे.

“आबा?”

“व्हय.”

“तुम्ही गेलात ना?”

“गेलो की. दहाव्याला एवढा सैपाक केला तुमी, जाऊ न्हाय तर काय?”

तिला हसू येतं. वळून बघावंसं वाटतं, पण मान वळत नाही. वेणी घालताना वळायची नाही तशीच.

“आबा, केसांना हात लावू नका. वाळतायत.”

“मी कुटं लावतोय? हे बघ, हात पाठीमागं बांदल्यात.”

“मला दिसत नाही.”

“मंग इस्वास ठिव.”

गॅलरीत वाळत घातलेले कपडे कुणी काढले कोण जाणे. नुसती दोरी उरली आहे आणि ती लांबत चालली आहे. कठड्याच्या पलीकडं, समोरच्या इमारतीच्या पलीकडं, पार बाभळीच्या रांगेपर्यंत. दोरीचं एक टोक आबांच्या दोर वळायच्या फिरकीत आहे आणि दुसरं कौसल्येच्या हातात. ती सात वर्षांची आहे आणि पाठमोरी मागं मागं चालते आहे. दोर वळणाऱ्यांच्या पोरांना उलटं चालणं आधी येतं, सुलटं मागनं. पायाखाली धूळ तापली आहे. केस मात्र ओलेच आहेत आणि पाठीवरून थेंब निथळतायत.

“आबा, माजी केसं सरळ हायत का नागमोडी?”

“सरळ.” फिरकीचा आवाज थांबत नाही.

“खरं सांगा.”

“सरळ म्हनलं न्हवं? मागं बगून चाल, खड्डा हाय.”

“मान हलवू नको म्हणता आणि मागं बघ म्हणता!”

“आरं तिच्या मारी,” आबा म्हणतात, “हुशार झाली की पोरगी.”

हातातल्या दोरीला हिसका बसतो आणि घंटी वाजते. टण्. दोरी म्हणजे एसटीची घंटीची दोरी आहे, आणि कौसल्येच्या अंगावर खाकी आहे, खांद्याला तिकिटांचं मशीन आहे. गाडी भरलेली आहे. खिडक्यांच्या बाजूला चऱ्हाटांची वेटोळी बसली आहेत, माणसांसारखी, मांडीवर पिशव्या घेऊन. मधल्या सीटांवर बाया आहेत. सगळ्यांचे पदर कपाळापर्यंत. प्रत्येकीपाशी जाऊन ती विचारते, “कुठं जायचं, मावशी?” आणि प्रत्येक बाई खिडकीबाहेर बघते.

शेवटच्या सीटवरून हात वर होतो. हात तेवढाच दिसतो.

“एक फुल, एक हाफ. म्हसवड.”

“हाफ कुणाचं?”

“तीन वरसांची पोर हाय संगट.”

“म्हसवडला कोण आहे आपलं?”

हात खाली जातो. वेटोळ्यांतलं एक हळूच सैल होतं. म्हसवड म्हणजे आईचं माहेर, हे कौसल्येला आत्यानं सांगितलं होतं, फार पूर्वी, तेही आबा घरात नसताना.

“ही गाडी म्हसवडला जात नाही,” ती म्हणते. तोंडातून तेच बाहेर पडतं, रोजच्या सवयीनं.

“तवाबी मी असंच म्हनलो,” शेवटच्या सीटवरून आवाज येतो. “गाडी न्हाय. आज नगं. उद्या जाऊ. दोन म्हैनं म्हनत ऱ्हायलो.”

“कशाला जायचं होतं, आबा?”

“घंटी मार, बाय. गाडी थांबीव.”

ती दोरी ओढते. गाडी थांबते ती पाण्यात. घाटाची पायरी आहे, नदी आहे, न्हाव्याची पेटी उघडी आहे आणि कौसल्येच्या मांडीवर केस पडतायत. वस्तऱ्याचा गारवा टाळूवरून खाली येतोय. वाळूत पिंड मांडलेत, त्यांच्याभोवती भाऊबंद उभे आहेत, पण सगळे पाठमोरे. जांभळीच्या फांदीवर कावळा हवा, तिथं आबांचं धोतर लोंबतंय.

“तिथं काय करताय?”

“बसलोय. दीड तास बसलो त्या दिशी, तूच बगितलंस की.”

बघितलं होतं. कावळा शिवेना. मग मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते जो तो आपल्या अकलेनं सांगू लागला. चुलत्यानं बिडीचं बंडल ठेवलं. आत्या म्हणाली, नातीचं लग्न राहिलं, थाटात करू रे रावज्या, ये. कुणी म्हणालं फिरकी विकू नका म्हणत असेल. चुलता ओरडला, “फिरकी न्हाय इकत, बाबा, खा आता, ऊन चढलं!” शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले.

“बंडल तरी घ्यायचं,” कौसल्या म्हणते.

“लई इच्छा हुती. पर घशाखाली उतरलं नसतं.”

“काय राहिलं होतं मग मनात?”

धोतर हलतं. आबा खाली उतरले आहेत आणि पुन्हा तिच्या पाठीमागंच आहेत. पाण्यात एक दोरीचा तुकडा पडतो, वीतभर, ताजा वळलेला. “बग,” ते म्हणतात. तुकडा पाण्यात फिरतो, एक वेढा सुटतो, मग दुसरा. वाख मोकळा होतो आणि पाण्यावर सरळ पसरतो, काडीसारखा.

“वळल्याला पीळ पान्यात सुटतो, लेकी. कितीबी घट वळ, सोडून दिला की सुटतो. जन्माचा सुटत न्हाय.”

“मग माझा कुठला?”

“ऊन कलाया लागलं बग.”

“आबा! विषय बदलू नका.”

आत्या एकदा रागानं म्हणाली होती, ‘सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, तसा तुझा बाप.’ तेव्हा कौसल्येला वाटलं होतं, आत्या दोरांविषयी बोलतेय.

ऊन खरंच कललं आहे, पण अंगणात. गावचं अंगण. शेणानं सारवलेलं, कोपऱ्यात वाखाचा भारा, दारात हीच बाज. बाज नवी कोरी आहे, सुंभाला अजून वास आहे. बाजेवर एक बाई पाठमोरी बसली आहे. ती नुकतीच न्हालेली आहे. तिचे केस कमरेपर्यंत मोकळे आहेत आणि बाजेवर, बाजेच्या खाली, पार जमिनीला टेकतायत. वाऱ्यानं तळ्याचं पाणी जसं थरथरत काठाला येतं तसे ते वरून खाली येतायत, वळत, वळत, कुठंही न थांबता. बाई गुणगुणते आहे.

*ओल्या केसाला गं माझ्या, नको वाऱ्या लावू हात*
*आपल्या वळणानं वाळू दे, ऊन पडलंय दारात*

ही चाल कौसल्येला येते. तिकिटं फाडायच्या दिवसांपासून ती नकळत हेच गुणगुणत असते, सोबतचे ड्रायव्हर चिडवतात. शब्द तिला आज पहिल्यांदा मिळतायत.

“कोण आहे ती, आबा?”

ती मान वाकडी करू बघते.

“मला तिचं तोंड बघू द्या.”

“मान हलवू नगंस.” आबांचा आवाज आता वेणी घालणाऱ्याचा नाही. हात जोडणाऱ्याचा आहे. “कौशे, तुला माजी शपत हाय. मान हलवू नगंस, तवर मला बोलता यील. तू बगितलंस तर न्हाय यायचं.”

ती मान ताठ धरते. लहानपणी धरायची तशी. भुवया आपोआप वर जातात.

“त्या दिशी बाजार हुता,” आबा म्हणतात. “दावी, कासरे इकाय घिऊन गेलतो. अनशी मागनं भाकरी घिऊन आली. न्हालेली. केसं वाळंनात म्हनून मोकळीच सोडून आली. बैलवाल्या येपाऱ्यानं कासरा वडून बगितला आन् म्हनला, ‘रावजी, ह्यात काय दम न्हाय. तुज्या बायकूची केसं वळ, बैल न्हाय तुटायचा.’ बाजार हसला. अनशीबी हसली, कौशे. भोळी हुती. तिला वाटलं, तारीफच किली.”

बाई गुणगुणतेच आहे.

“मी दावी गुंडाळली. घरी आलो. ती अशी हितंच बसल्याली, पाठमोरी. इळा घेतला, जेनं घायपात कापतो त्यो. आन् कापली. एका हिसक्यात.”

गुणगुणणं थांबतं.

कौसल्येला आपल्या टाळूवर वस्तऱ्याचा गारवा पुन्हा जाणवतो. मग तो गारवा राहत नाही, तापतो.

“ती काय म्हणाली?”

“कायबी न्हाय. पदर घेतला कपाळापातुर. तू आत निजली हुतीस, तुज्या अंगावर वाकळ टाकली आन् गेली. म्हसवडला. मी म्हनलो, यील आपली आपण. मग म्हनलो, मी कशापायी जाऊ? मग म्हनलो, उद्या जाऊ. दोन म्हैन्यांनी सांगावा आला की तापानं गेली. तवा गाडी गावली मला.”

वाखाच्या भाऱ्यावर चिमणी येऊन बसते, एक धागा ओढते आणि जाते.

“आणि मला सांगितलंत सरळ. सुतासारखे सरळ.”

“मंग काय सांगू? नागमोडी म्हनलो असतो तर तू इचारलं असतंस, कुनाची. रोज सकाळी ती तुज्या डोक्यावर यायची, लेकी. वरनं खाली, वळत, वळत. मी पानी वतायचो आन् तिला बांदून टाकायचो. येनीचा पीळ म्हनायचो. तीन पेड घातलं की तेवडा दिस जायचा.”

“मला सांगायचं होतंत. जिवंतपणी. मी मोठी झाले, माझं लग्न झालं, किती वेळा आलात घरी. चहा पीत बसायचात. तेव्हा का नाही?”

“तू पुना येनी घालाय दिली नसतीस.”

“लग्नानंतर कुठं घालत होतात?”

“दिवाळीला यायचीस तवा म्हनायचीस, आबा, घाला एकडाव, गंमत म्हनून. तेवडीच पाच मिंटं.” आवाज बारीक होतो. “तेवडी जाऊ ने म्हनून गप बसलो. लई हलकट हाय तुजा बाप.”

ती ‘नाही’ म्हणत नाही. म्हणावं असं घशाशी येतं, पण बाजेवरची पाठमोरी बाई ऐकते आहे.

“मग मी केस दिले, ते?” कौसल्या विचारते. “तुमच्यासाठी सगळ्यांशी भांडून मी न्हाव्यापुढं बसले. ते कुणाला दिले मी?”

“तेच तर. जिची केसं मी घेतली, तिच्याच लेकीनं मला केसं दिली. ती मांडीवर पडताना बगत हुतो. कुठल्या तोंडानं घासाला शिवू? तुमी बंडल ठिवत हुता आन् मला एकच बोलायचं हुतं. त्ये कावळ्याला येत न्हाय.”

तिला रडू येतंय की राग, हे स्वप्नात कळत नाही. दोन्ही एकाच पेडात वळलेले आहेत. ती एवढंच म्हणते, “तुम्ही म्हसवडला जायला हवं होतं.”

“व्हय.”

“पहिल्याच दिवशी.”

“व्हय.”

“मला घेऊन.”

“व्हय, बाय. एक फुल, एक हाफ.”

बाज करकरते. आबा वाकले आहेत. त्यांचे हात तिच्या डोक्याशी येतात, पण केसांना लागत नाहीत. पलीकडं, उशाच्या दांडीपाशी, काळ्या पेडाची गाठ आहे तिथं जातात. दातांनी गाठ चावल्याचा आवाज येतो.

“ही शेळीची न्हायत,” ते म्हणतात. “टाकून द्यायचा धीर झाला न्हाय. जाळायचाबी न्हाय. म्हनून ईणली उशाला. छत्तीस वरसं हिच्यावर डोकं ठिवलं. गाठ मी मारली, मीच सोडतो. धर.”

तिच्या मुठीत काहीतरी मऊ येतं.

“आता हलीव मान,” आबा म्हणतात.

ती वळते. उशाशी तीस वर्षांचा एक पोरगेला माणूस बसला आहे. त्याचे हात खरंच पाठीमागं बांधलेले आहेत, त्यानंच वळलेल्या दाव्यानं. त्याच्या भुवया वर ओढल्या गेल्यात, कसलं तरी नवल वाटल्यासारख्या. बाजेवरची बाईही वळते आहे, खांदा वळला, हनुवटी दिसू लागली, आता तोंड दिसणार, आणि घंटी वाजते. टण्. टण् टण्.

दारावरची बेल.

कौसल्या उठून बसते. ऊन गॅलरीतून निघून भिंतीवर गेलं आहे. कपडे दोरीवर आहेत, कडक वाळलेले. डाव्या गालावर सुंभाचे वळ उठलेत. ती उशाकडं बघते. दांडीपाशी जिथं सुईचं टोक शिरलं नसतं अशी गाठ होती, ती सुटली आहे. सुंभाची दोन टोकं मोकळी लोंबतायत आणि काळा पेड आपल्या जागी नाही.

तो तिच्या मुठीत आहे. हातभर काळे केस, दोरासारखे पिळलेले, धुळीनं राठ झालेले.

बेल पुन्हा वाजते. “आले गं!” ती ओरडते, पण आधी स्वयंपाकघरात जाते. स्टीलच्या वाडग्यात पाणी घेते आणि ते केस त्यात सोडते. धूळ सुटून पाणी गढूळतं. पेड फिरतो. एक वेढा सुटतो, मग दुसरा, मग सगळेच. छत्तीस वर्षांचा पीळ पाण्यानं एका मिनिटात सोडवला. केस मोकळे होऊन वर येतात आणि पसरतात. सरळ होत नाहीत. वळत, वळत पाण्याच्या काठाला लागतात आणि तसेच राहतात.

ती दार उघडते. गंधा सातवीत आहे. दप्तर एका खांद्यावर, वेणी अर्धी सुटलेली, तोंडात तक्रार तयार. “किती वेळ गं आई, पाय मोडले माझे...” आणि मग तिची नजर वर जाते.

“काय झालं?”

“केस!” गंधा म्हणते. “आई, तुझे केस! पार्लरला गेलीस? किती गोड दिसतायत. हे कसले, कर्ल केलेत का?”

“काही नाही केलं. धुतले आणि झोपले.”

“म्हणजे खरेच असे आहेत?” गंधा दप्तर टाकते, हात पुढं करते आणि कौसल्या आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वळणानं वाळलेल्या केसांना कुणाला हात लावू देते. पोरीचं बोट एका लाटेवरून खाली येतं, वळणाला वळतं, पुढं जातं. “पण तू तर म्हणायचीस सरळ आहेत. आजोबापण म्हणायचे. मला सांगायचे, तुझ्या आईचे केस म्हणजे सूत, वेणी मात्र माझी.” ती हसते. आजोबांवर तिचा फार जीव. फोनवर तिच्या वॉलपेपरला अजून तेच आहेत, फिरकीपाशी उभे. “मग कुणावर गेलेत हे?”

कौसल्येला वाटतं, म्हणावं, झोपून उठल्यावर होतात असे. म्हणावं, गालावर बघ, बाजेचे वळ आहेत, तसेच हेही. पोरगी ऐकेल. हात धुऊन खायला मागेल. उद्या रुमाल बांधला की केस पुन्हा काही सांगणार नाहीत.

ती गंधाला हाताला धरून गॅलरीत नेते. वाडगा दोघींच्या मधे बाजेवर ठेवते. भिंतीवरचं ऊन थोडं पाण्यात पडतं. काळ्या लाटा त्यात हलतात.

“माझ्या आईवर,” कौसल्या म्हणते. ‘आई’ हा शब्द तोंडात ओला लागतो. “हे तिचेच आहेत. अनसूया नाव होतं तिचं.”

“आणि हे इथं कसे आले?”

“आबांनी कापले,” कौसल्या म्हणते. “रागानं, विळ्यानं, ती पाठमोरी बसलेली असताना. तिला आणायला गेले नाहीत. आणि मग जन्मभर माझी वेणी घातली.”